संगीतरचना स्पर्धा: सोलापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी एक परीक्षण

मी सोलापुरात पियानो आणि कीबोर्ड शिकवते. येणारी बरीचशी मुलं ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांची तयारी करणारी. शिकवण्यांच्या मधल्या वेळात मी लिहिते. स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो), एकट्या पियानोच्या रचना, आणि अलीकडे ऑर्केस्ट्रासाठीही. हे संगीत सिनेमाचं नाही, अल्बमचं नाही. सभागृहात बसून ऐकायचं, स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्य पाच ओळींच्या स्वरलिपीत, शेवटच्या टिंबापर्यंत लिहून काढलेलं, आजच्या माणसानं आज लिहिलेलं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं होतात, गाण्याच्या मैफली होतात, पण तिथे क्वार्टेट वाजवायला चार माणसं गावातून जमवायची म्हटलं तर जमत नाहीत. दोन व्हायोलिन एक वेळ मिळतील. व्हायोला कुठून आणायचा?

म्हणून आमच्यासारख्यांना स्पर्धांचा आधार. जगभर दरवर्षी नव्या कंपोझरसाठी स्पर्धा निघतात, बहुतेक अर्ज इंटरनेटवरून भरता येतात. आता माझ्याकडची काही मुलंही स्वतः लिहायला लागली आहेत आणि त्यांचे पालक फोन दाखवून विचारतात, "मॅडम, ही स्पर्धा खरी आहे का? फी भरू का?" त्यांना दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. दुकानाचं किंवा खानावळीचं परीक्षण लिहितात तसंच हे. आपण वेळ देतो, कधी पैसे देतो, बदल्यात काय मिळतं?

माझा निकष एकच आहे. जिंकणाऱ्याचं भलं सगळ्याच स्पर्धा करतात. न जिंकणाऱ्याच्या हाती काय राहतं, त्यावरून मी स्पर्धेची किंमत करते. अर्ज करणाऱ्यांत बहुतेक सगळे न जिंकणारेच असतात, आणि सोलापुरातून पाठवणाऱ्यानं तर हा हिशोब आधीच मांडलेला बरा.

या निकषावर मी सगळ्यात वर ठेवते ती टोकियोची तोरू ताकेमित्सू रचना स्पर्धा. ताकेमित्सू हा जपानी कंपोझर, बऱ्याच अंशी स्वतःच शिकलेला माणूस. 1957 मध्ये त्यानं तंतुवाद्यांसाठी 'रेक्विएम' लिहिलं. 1959 मध्ये जपानला आलेल्या स्त्राविन्स्की या जगप्रसिद्ध कंपोझरच्या कानावर ते पडलं, त्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि तिथून जगाला हे नाव कळलं. एका जाणत्या कानानं ऐकलं आणि एका आयुष्याची दिशा ठरली. ही स्पर्धा याच गोष्टीवर उभी आहे असं मला वाटतं, कारण इथे परीक्षक मंडळ नसतं. दरवर्षी एकच परीक्षक असतो आणि तोही कंपोझर. ताकेमित्सू 1996 मध्ये गेला. 1997 च्या पहिल्या वर्षी आंरी द्युतिय्यो परीक्षक होता, पुढच्या वर्षी लिगेती. नंतरच्या काळात लाखनमान, सारियाहो, उनसुक चिन अशी माणसं आली.

मंडळानं निर्णय घेतला की बऱ्याचदा सगळ्यांना चालेल अशी रचना निवडली जाते. कुणाला फार आवडलेली आणि कुणाला अजिबात न आवडलेली रचना मधल्यामध्ये गळते. एकटा परीक्षक असला की असं होत नाही. त्याची आवड तीच निवड, आणि ती कुणाची आवड हे जगाला ठाऊक असतं. परीक्षकाचं नाव आधी जाहीर होतं, म्हणून पाठवणाऱ्यालाही विचार करता येतो. लाखनमानच्या वर्षी काय पाठवावं आणि सारियाहोच्या वर्षी काय, याला वेगळी उत्तरं असू शकतात. त्या वर्षीच्या परीक्षकाच्या रचना ऐकत बसणं हाच एक अभ्यास होतो. माझा सारियाहोशी खरा परिचय असाच झाला, आणि तो फुकट होता.

अंतिम फेरीतल्या रचना टोकियो ऑपेरा सिटीच्या सभागृहात पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजवतो, म्हणजे पहिला नंबर न आलेल्यांनाही आपलं काम ऐकायला मिळतं. ऑर्केस्ट्राची तालीम भाड्यानं घ्यायची तर काय खर्च येईल, याचा विचार केला की याचं मोल कळतं. एकूण बक्षीस 30 लाख येनचं, ते कसं वाटायचं हे परीक्षक ठरवतो. अर्जाला फी नाही. परीक्षक निवडीबद्दल लिहितो ते प्रसिद्धही होतं, आणि न निवडलेल्यानं ते जरूर वाचावं. एखादा मोठा कंपोझर दुसऱ्याच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकत्र लिहिलेल्या प्रतीत, नेमकं काय शोधतो, हे इतक्या उघडपणे फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं. माझा ऑर्केस्ट्राचा स्कोअर तिथे निवडला गेला नाही, तरी मी ही स्पर्धा पहिल्या नंबरवर ठेवते.

यातली अडचणही सांगते. रचना ऑर्केस्ट्रासाठीच हवी आणि वयाची अट 35 वर्षांची. ज्यानं अजून तीन-चार वाद्यांपलीकडे लिहिलेलं नाही त्यानं घाई करू नये. ऑर्केस्ट्राचा स्कोअर पुरा करायला महिन्यांमागून महिने जातात.

दुसरी, नेदरलँड्सची गाउडेआमुस. तिची कथा मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. वॉल्टर मास हा जर्मनीतून आलेला ज्यू माणूस, दुसऱ्या महायुद्धात बिल्टहोवेन गावातल्या 'गाउडेआमुस' नावाच्या घराच्या आसऱ्यानं वाचला, आणि 1945 मध्ये त्याच घरातून त्यानं तरुण संगीतकारांसाठी संस्था सुरू केली. रचनेचं बक्षीस 1957 पासून आहे. ज्या देशानं आपल्याला लपवलं तिथल्या पोरांचं संगीत जगापुढे यावं, असं वाटणाऱ्या माणसाचं हे काम. नंतर ते साऱ्या जगातल्या पोरांसाठी खुलं झालं. 1985 मध्ये ते बक्षीस कोरियाच्या उनसुक चिनला मिळालं, तेव्हा ती विशीत होती. 2004 मध्ये तिला अमेरिकेतलं ग्रॉमायर हे रचनेचं मोठं बक्षीस मिळालं आणि 2018 मध्ये ती ताकेमित्सू स्पर्धेची परीक्षक होती.

गाउडेआमुसचं मला पटतं ते हे की निवडलेल्या कंपोझरना महोत्सवात बोलावलं जातं, तिथल्या उट्रेख्ट शहरात वादकांबरोबर त्यांचं काम उभं राहतं, आणि बक्षीस म्हणजे पुढच्या नव्या रचनेचं काम. लिहिणाऱ्याला पुढचं लिहायला लावणारं बक्षीस मला रोख रकमेपेक्षा मोठं वाटतं. पण माझ्या निकषावर ही ताकेमित्सूच्या एक पायरी खाली येते. पहिल्या चाळणीतच गळलेल्याला इथून शिकायला कमी मिळतं. शिवाय तिथला कल प्रयोगाकडे फार आहे. आवाजाची मोडतोड, इलेक्ट्रॉनिक्स, रंगमंचावरची हालचाल. ज्याचं लेखन शांत, सुरांना धरून चाललेलं आहे, त्यानं आधी तिथल्या मागच्या काही वर्षांच्या रचना ऐकाव्यात.

अमेरिकेतल्या दोन नावाजलेल्या स्पर्धांबद्दल पालक हमखास विचारतात. बीएमआय आणि अॅस्कॅप या तिथल्या संगीतकारांचं हक्काचं मानधन गोळा करणाऱ्या संस्था. बीएमआयची विद्यार्थी कंपोझर बक्षिसं 1951 पासून आहेत, आणि दुसरी अॅस्कॅपची, मॉर्टन गूल्ड या कंपोझरच्या नावाची. दोन्ही चांगल्या, पण नागरिकत्वाच्या आणि वास्तव्याच्या अटी आहेत. सोलापुरातल्या मुलाचा त्यात वेळ जायला नको.

आता फीचा विषय. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे पोरं आणि पालक नाडले जातात. युरोपातल्या पुष्कळ लहान स्पर्धांना वीस-तीस युरो फी असते. तीस युरो म्हणजे तीन हजारांच्या आसपास, वर कार्डाचे चार्ज. सोलापुरात तेवढ्यात मुलाची महिन्या-दोन महिन्यांची शिकवणी होते. फी घेणं वाईटच असं मी म्हणत नाही. परीक्षकाला मानधन द्यावं लागतं, सभागृहाला भाडं. पण त्या फीच्या बदल्यात रचना खऱ्या वादकांकडून वाजणार आहे का, परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, मागच्या वर्षीच्या विजेत्याचं रेकॉर्डिंग ऐकायला मिळतं का, एवढं आधी बघा. या तिन्हींचं उत्तर नाही असेल तर फी भरू नका.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलेलं सांगते. त्याच्या वडिलांचं चादरींचं दुकान आहे. पोरानं पियानोसाठी तीन छोट्या रचना लिहिल्या, चांगल्या होत्या. एका ऑनलाइन स्पर्धेत फी भरून पाठवल्या. आठवड्याभरात मेल आला की तुम्हाला 'सुवर्ण' सन्मान मिळाला आहे. घरात पेढे आले. मग दुसरा मेल: छापील प्रमाणपत्र हवं असेल तर इतके डॉलर, पदक हवं असेल तर आणखी इतके, आणि विजेत्यांच्या मैफलीत रचना वाजवून हवी असेल तर त्याचा दर वेगळा. विजेत्यांची यादी उघडून पाहिली तर पान खाली सरकवता सरकवता अंगठा दुखावा, एवढे 'सुवर्ण' मानकरी. परीक्षकाचं नाव कुठेच नाही. एका ओळीचा अभिप्राय नाही. पोराचा चेहरा मला विसरता येत नाही. त्याच्या रचना खरंच चांगल्या होत्या, आणि आता त्याला त्यांच्यावरच शंका यायला लागली. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं.

याच्या अगदी उलटा अनुभव एका लहान युरोपियन क्वार्टेट स्पर्धेचा. फी होती, पण माफक. माझ्या रचनेत पूर्व भागातल्या यंत्रमागांचा ठेका आहे. अशोक चौकाकडून आत शिरलं की गल्लीगल्लीतून ऐकू येतो तो. धोटा इकडून तिकडे फेकला जातो त्याचा एक ठोका, फणी आपटते तो दुसरा, आणि शेजारशेजारचे दोन माग कधीच एका लयीत नसतात. एक जरा पुढे सरकतो, दुसरा मागे राहतो, मग काही वेळानं पुन्हा दोघांचा ठोका एकावर एक पडतो. चार वाद्यांना चार माग समजून मी ते लिहिलं होतं. धोट्यासाठी कोल लेन्यो घेतलं होतं, म्हणजे बोची (व्हायोलिनच्या गजाची) लाकडी बाजू तारेवर आपटायची. निवड झाली नाही. पण निकालाबरोबर एका परीक्षकाचा परिच्छेदभर अभिप्राय आला. कोल लेन्यो खोलीत छान ऐकू येतं, मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तेव्हा चेलोला त्याच ठोक्यावर बार्टोक पिझिकाटो देऊन पाहा, असं त्यात होतं. बार्टोक पिझिकाटो म्हणजे तार इतकी ओढून सोडायची की ती पट्टीवर आपटून फट्‌कन वाजते. मी तो बदल केला आणि ठोक्याला धातूची धार आली, मागावर येते तशीच. ही दुरुस्ती मला सोलापुरात कुणी सांगू शकलं नसतं. मी दिलेली फी तिथेच वसूल झाली.

म्हणून अर्ज भरण्याआधी नियमावलीत शोधा, अभिप्राय मिळणार का. बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की मिळणार नाही. जिथे मिळतो ती स्पर्धा लहान असली तरी माझ्या यादीत वर जाते.

वयाच्या अटीचंही बोलायला हवं. 'उदयोन्मुख' कोणाला म्हणायचं हे बहुतेक स्पर्धा जन्मतारखेवरून ठरवतात. कुठे 28, कुठे 30, कुठे 35. व्हिएन्नात किंवा सेऊलमध्ये वाढलेल्या मुलाला पाचव्या वर्षी व्हायोलिन हातात मिळतं, अठराव्या वर्षी कंपोझिशनचे शिक्षक. आमच्याकडे चर्चमधल्या हार्मोनियमवर आणि भजनांच्या पुस्तकातल्या नोटेशनवर सुरुवात होते. ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकायचा तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जावं लागतं, आणि तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तोच 2006 मध्ये. आमचं उगवणं उशिराचं असतं.

वयाच्या अटीनं काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रावेल या फ्रेंच कंपोझरचं. फ्रान्समध्ये तेव्हा 'प्री द रोम' ही सरकारी स्पर्धा होती. अंतिम फेरीतल्या उमेदवारांना खोलीत कोंडून कँटाटा, म्हणजे गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, लिहायला लावत. रावेलनं अनेकदा प्रयत्न केला. 1905 मध्ये तो तीस वर्षांचा, म्हणजे शेवटची संधी, आणि तोवर त्याचं स्ट्रिंग क्वार्टेट जगापुढे आलेलं. तरी त्याला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. अंतिम फेरीत पोचलेले सगळे एकाच शिक्षकाचे, लनव्हचे, विद्यार्थी निघाले, आणि लनव्ह स्वतः परीक्षकांत बसलेले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी संगीत विद्यालयाचे संचालक द्युब्वा यांच्या जागी फोरे आले. याच स्पर्धेनं 1884 मध्ये देब्युसीला आणि 1913 मध्ये लिली बुलांजेला ओळखलं होतं, तेव्हा ती स्पर्धाच खोटी होती असं म्हणता येत नाही. पण परीक्षकांत कोण बसलंय आणि निवडलेले कुणाकडे शिकलेत, हे ताडून बघायची सवय मला या गोष्टीनं लावली. आजही ती कामाला येते.

आपल्या माणसांचं उदाहरण नरेश सोहल यांचं. जन्म पंजाबातला, 1962 मध्ये लंडनला गेले. बूझी अँड हॉक्स या प्रकाशकाकडे दुसऱ्यांचं संगीत उतरवून काढायचं काम करत स्वतःचं लिहीत राहिले. 'अष्टप्रहर' नावाची त्यांची ऑर्केस्ट्राची रचना 1970 मध्ये लंडन फिलहार्मोनिकनं वाजवली. त्यामागे कुठलं पदक नव्हतं. नवं संगीत पुढे आणण्यासाठी ब्रिटनमध्ये एक संस्था होती, तिथे आलेले स्कोअर वाचून त्यातले निवडून वाजवले जात. दिल्लीचे कंपोझर परम वीर तर वयाच्या तिशीनंतर ऑलिव्हर नसन या ब्रिटिश कंपोझरकडे शिकायला ब्रिटनला गेले. म्हणून मी मुलांना सांगते की 'स्पर्धा' या शब्दाबरोबर 'कॉल फॉर स्कोअर्स' हाही शब्द शोधा. वादकांचे लहान लहान गट असे स्कोअर मागवतात. बक्षीस नसतं, वयाची अट बहुधा नसते, आणि निवड झाली तर रचना वाजते, रेकॉर्डिंग हाती येतं.

ते रेकॉर्डिंग फार महत्त्वाचं, कारण अनेक स्पर्धा आता खऱ्या वादकांचं रेकॉर्डिंग जोडा म्हणतात आणि सॉफ्टवेअरमधून काढलेला आवाज स्वीकारत नाहीत. बर्लिनच्या विद्यार्थ्याला वर्गमित्र वाजवून देतात. सोलापूरच्या विद्यार्थ्यानं काय करायचं? माझ्या मते ही अट अन्यायाची आहे. परीक्षकाला स्कोअर वाचता आलाच पाहिजे. अशा स्पर्धांना मी सरळ कमी गुण देते. दुसऱ्या काही स्पर्धांची अट याच्या उलट असते: रचना कुठेही वाजलेली नको. तेव्हा मुलांकडून स्नेहसंमेलनात वाजवून घेण्याआधी ती रचना कुठे पाठवायची आहे ते ठरवून ठेवा.

स्कोअर तयार करण्याचा खर्च मात्र आता उरलेला नाही. म्युझस्कोअर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि 2022 च्या शेवटी आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून पानं देखणी उमटतात. फिनाले हे तसलंच विकतचं सॉफ्टवेअर घेऊन बसलेल्यांची पंचाईत झाली, कारण 2024 मध्ये कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्कोअर निनावी मागितला असेल तर पहिल्या पानावरचं नाव पुसून भागत नाही. पीडीएफच्या माहितीत लेखकाचं नाव तसंच राहतं, तेही काढा. फाइलच्या नावातही आपलं नाव नको.

आणि पाठवण्याआधी एकदा कागदावर छापून बघाच. नवी पेठेजवळ मी ज्यांच्याकडे जाते त्यांचा मुख्य धंदा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि लग्नपत्रिकांचा. पण ए-थ्रीवर दोन्ही बाजूंनी छापून, पान पूर्ण उघडं राहील असं स्पायरल बाइंडिंग ते करून देतात, आणि पाच ओळींतली एखादी ओळ फिकी उमटली तर न सांगता पान बदलतात. स्क्रीनवर न दिसणाऱ्या गोष्टी कागदावर दिसतात. व्हायोलाचं पान उलटायला एकही विराम ठेवलेला नाही, पियानिसिमोची (अगदी हळू आवाजाची) खूण ओळीत घुसली आहे, असल्या. जिंको न जिंको, हा छापलेला स्कोअर आपल्या कपाटात राहतो आणि उद्या कुणी वादक भेटला तर हातात देता येतो.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं: पस्तिशीच्या आत असाल आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिता येत असेल तर ताकेमित्सू. प्रयोगशील असाल तर गाउडेआमुस. नुकतं लिहायला लागलेल्यांनी अभिप्राय देणारी एखादी लहान स्पर्धा धरावी आणि वादकगटांच्या कॉल फॉर स्कोअर्सवर नजर ठेवावी. वर्षाला एकाच ठिकाणी फी भरावी, बाकी सगळं बिनफीचं. पदकाचे पैसे मागणारा मेल आला तर उत्तर देऊ नका, माझ्याकडे स्कोअर घेऊन या. रविवारी दुपारी मी मोकळी असते, बसून वाचू.